शुक्रवारचा प्रश्न

फॉर्म कसा भरायचा हे मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं पंचायत समितीत काढली मी, आणि आमच्या टेबलावर एकच धर्म होता: कागद त्रुटी लागून परत येता कामा नये. एखादा रकाना रिकामा दिसला की साहेब शेरा मारणार, शेरा पडला की फाईल खाली येणार, आणि खाली आलेली फाईल परत वर जाईपर्यंत अर्जदार म्हातारा होणार. म्हणून समोरचा माणूस "काय की बाई, ध्यानात नाही" म्हणाला, तरी मी तिथं काहीतरी योग्य ते लिहून टाकायचे. लोक दुवा द्यायचे. माझ्या हातून गेलेली एकही फाईल परत आली नाही, असं निरोप समारंभात मी माईकवर ठासून सांगितलं होतं. जळो मेलं ते भाषण. त्याच सवयीनं मी माझा नवरा घालवला. सांगायला बसलेच आहे, तर आता सगळंच सांगते.

माझे यजमान जयवंत कुदळे. फलटणला शाळेत पी.टी. शिकवायचे. अख्खं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सरच म्हणायला लागले, ते शेवटपर्यंत. खो-खोच्या मुलींचे चार संघ त्यांनी राज्यापर्यंत नेले. पण तरुणपणी पळणारा माणूस पळायचा थांबला आणि खायचा थांबला नाही, की काय होतं ते सांगायला नको. छप्पन्नाव्या वर्षी सरांचं वजन एकशे चोवीस किलो होतं आणि दोन्ही गुडघे कामातून गेले होते. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून शिट्टी वाजवायचे. पुण्याचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, "गुडघे बदलू, मस्त चालाल. पण पंच्याण्णवच्या खाली या. त्याच्या वर मी हात लावणार नाही."

"पंच्याण्णव?" सर गाडीत बसता बसता म्हणाले. "अगं, मी सातवीत असताना असेन पंच्याण्णव."

हसून घालवायची सवय. पण मला आतलं ठाऊक होतं. त्यांना एकदा, एकदाच, मैदानावर मुलींच्या रांगेत उकिडवं बसून दाखवायचं होतं, की खो मिळाल्यावर उठायचं कसं. सांगून येत नाही ते, करून दाखवावं लागतं, असं म्हणायचे. नव्या मुलींनी त्यांना कधी उभं राहून दोन पावलं टाकतानासुद्धा धड पाहिलं नव्हतं.

आमची ऋतुजा बंगळुरूला असते. तिनंच आमचं नाव 'हलकी पावलं'मध्ये घातलं. वजन उतरवण्याचा हा सगळा कारभार घरबसल्या, फोनवर. दंडावर चिकटवायला एक चकती येते, कुंकवाच्या टिकलीएवढी, म्हणून सगळे तिला टिकलीच म्हणतात. पोट रिकामं झालं की तिथून मेंदूला निरोप जातो, वाढा म्हणून. जाड माणसाच्या शरीरात हा निरोप्या फार आगाऊ असतो, वजन जरा उतरलं की दुप्पट जोरात ओरडतो. म्हणूनच पथ्य करणारी माणसं सहा महिन्यांत मूळपदावर येतात. त्यात त्यांच्या मनाचा दुबळेपणा वगैरे काही नसतो. टिकली त्वचेखालच्या पाण्यातून तो निरोप वाचते आणि तेवढ्यापुरतं औषध सोडून त्याला गप्प करते. सकाळी एका नळीत फुंकर मारायची, त्यावरून शरीरात चरबी जळतेय की स्नायू ते कळतं. आणि फोनमध्ये एक 'सोबती' असतो, मशीनच, पण बोलणं असं गोड की सख्खा भाऊ बोलेल.

सरांना बारीक अक्षर दिसायचं नाही आणि जाड बोटांनी दुसरंच बटण दाबलं जायचं. त्यामुळे त्यांची 'मदतनीस' म्हणून माझी नोंद झाली. "उत्तरं मात्र सरांचीच असायला हवीत, रोहिणीताई," सोबती म्हणाला. मी म्हटलं, हो बाबा हो.

मग त्यानं शुक्रवारचं समजावलं. शुक्रवारी सकाळी सहा ते दुपारी चार टिकली बंद राहणार. चार वाजता एकच प्रश्न येणार: आज भूक लागली का?

"त्यासाठी मशीन कशाला?" सर म्हणाले. "भूक लागण्यात जिल्ह्यात माझा पहिला नंबर आहे."

"सर, वजन उतरतं तेव्हा शरीर स्वतःलाच खात असतं," सोबती म्हणाला. "ते पथ्यानं चाललंय की एखाद्या आजारानं, हे वजनकाट्याला कळत नाही. फरक असतो भुकेत. निरोगी शरीराला कमी दिलं तर ते आरडाओरडा करतं. आतून आजारी पडलेलं शरीर बऱ्याचदा मागायचंच सोडून देतं. पण टिकलीनं भुकेचं तोंड बांधलेलं असलं की दोघंही सारखीच गप्प. म्हणून आठवड्यातून एकदा तोंड मोकळं सोडायचं. रसायनं मी मोजीन, पण खावंसं वाटतंय का, हे माणसानंच सांगायला लागतं."

"आणि नाही लागली तर?" मी विचारलं.

"तर टिकली थांबवायची, तपासण्या करायच्या, आणि कारण सापडेपर्यंत थांबायचं."

पहिले चार महिने काय सांगू! शुक्रवारी सर सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात. "रोहिणी, नुसती फोडणी तरी घाल गं, वास घेतो." मी शेवेचा डबा कुलूप लावून ठेवायचे आणि किल्ली माझ्या पदराला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना प्रत्येक ताटावर टोकलंय. "ही तिसरी पोळी." "तूप कुणासाठी ओढताय?" माझं तोंड म्हणजे गिरणीचा पट्टा, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण या वेळी माणूस मनावर घेऊन होता. एकशे चोवीसचे एकशे आठ झाले. आणि तिथं अडलं. दोन महिने काटा हलेना. सोबती म्हणाला, असं होतं, धीर धरा. धीर कसला धरता, डॉक्टरांकडे यादीत नाव लागलेलं, दिवाळीनंतरची तारीख मिळालेली. त्याआधी तेरा किलो उतरायला हवे होते.

त्याच सुमारास 'हलकी पावलं'वाल्यांच्या दर रविवारच्या ऑनलाइन सभेत लातूरच्या बिराजदारबाई ढसाढसा रडल्या. त्यांनी एका शुक्रवारी 'नाही' असं उत्तर दिलं होतं. झालं, टिकली बंद. सहा आठवडे तपासण्या. निघालं काहीच नाही, आदल्या दिवशी लग्नात जेवून पोट बिघडलं होतं म्हणे, आणि तेवढ्यात नऊ किलो परत चढले. चाळीस माणसं आपापल्या चौकोनातून मान हलवत होती. मी मनात म्हटलं, ही बाई कधी सरकारी ऑफिसात गेलेली दिसत नाही. उत्तर असं कोण देतं!

आणि ऑगस्टमध्ये सरांचं वजन एकदम उतरायला लागलं. आठवड्याला दीड किलो. एका शुक्रवारी चार वाजता ते कॉटवर पडले होते. मी फोन घेऊन बसले.

"अहो, भूक लागली का आज?"

"नाही गं."

"अजिबात?"

"अजिबात. सकाळी पोहे केलेस ना, त्याचाही वास नको झाला."

मी फोनकडे बघितलं. 'हो' आणि 'नाही' असे दोन गोल. मला बिराजदारबाई दिसल्या, तारीख दिसली, त्रुटी लागून परत आलेला कागद दिसला. म्हटलं, काल वांगं खाल्लंय, पोट जड असेल. पुढच्या शुक्रवारी लागेल की. मी 'हो' दाबलं. सोबती म्हणाला, "शाबास सर! छान चाललंय." सर डोळे मिटून हसले.

पुढच्या शुक्रवारीही त्यांनी 'नाही' म्हटलं, मी 'हो' दाबलं. तिसऱ्या वेळी मी विचारलंसुद्धा नाही.

देवाशपथ सांगते, मला त्या दिवसांत आनंद झाला होता. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खाते. ताटात अर्धी पोळी राहायची आणि मी म्हणायचे, बघा, आता कसं कळतं पोटाला! मटणाला त्यांनी 'नको' म्हटलं तेव्हा मी बहिणीला फोन करून सांगितलं, अगं, सरांनी मटण सोडलं! शिंप्याकडे पँटी तीनदा आवळून आणल्या. शाळेतले शिक्षक म्हणाले, "सर, अर्धे झालात की!" घरी आल्यावर मी मीठ-मोहऱ्या ओवाळून त्यांची दृष्ट काढली. हाडं वर यायला लागलेल्या माणसाची मी दृष्ट काढली, लोकांची नजर लागेल म्हणून. रविवारच्या सभेत सरांना भाषण करायला लावलं. "माझं काही नाही हो," सर म्हणाले, "सगळं श्रेय आमच्या मॅडमना. त्यांच्या धाकानं वजन पळालं." चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर सावरून कॅमेऱ्यात आले.

मशीननं आपलं काम केलं. त्याला मी बोल लावणार नाही. माझ्या पहिल्या खोट्या 'हो'नंतर सातव्या आठवड्यात सोबती स्वतःहून म्हणाला, "रोहिणीताई, फुंकरीत स्नायू झिजताना दिसतायत. जेवण मुद्दाम कमी घेताय, की जात नाहीये?" मी सरांना न विचारता लिहिलं: मुद्दाम. प्रथिनं वाढवते. आणि वाढवलीही हो! डाळीची धिरडी, अंड्यांचा पांढरा भाग, मूग. सर ते घेऊन अंगणात जायचे. नंतर कळलं, शेजारच्या मोत्या कुत्र्याचं मात्र वजन वाढलं होतं. पाठ दुखते म्हणायचे, तर मी खुर्चीवर उशी बांधून दिली.

अकराव्या शुक्रवारनंतर काट्यानं चौऱ्याण्णव दाखवलं. मी गल्लीत पेढे वाटले.

पुण्याला शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या होत्या. पोटाचा फोटो काढून झाल्यावर आम्हाला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, हाडांच्या डॉक्टरांकडे नव्हे, भलत्याच खोलीत. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, डॉक्टर काळसेकर. ती फार हळू बोलत होती, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. स्वादुपिंडात गाठ. तिथून यकृतात पसरलेली. गुडघ्यांचा विषयच राहिला नव्हता.

"भूक कधीपासून गेली?" तिनं विचारलं. समोर तिच्या पडद्यावर 'हलकी पावलं'ची सगळी नोंद उघडलेली होती. ती वाचत गेली आणि थांबली. "इथे तर दर शुक्रवारी 'हो' आहे. शेवटचे अकराच्या अकरा. हे असं होणं फार अवघड आहे. ही उत्तरं कोण देत होतं?"

 मी तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "मीच. हिला मीच सांगायचो, हो लिही म्हणून. मला गुडघे हवे होते ना, डॉक्टर."

"सर, पहिल्या आठवड्यात 'नाही' लिहिलं असतं तर..."

"तर काय झालं असतं?" मी विचारलं. 

"सांगता येत नाही. कदाचित गाठ एकाच जागी असती, काढता आली असती. कदाचित नसतीही. पण बघता आलं असतं."

तिनं पडद्यावर काहीतरी टिपून घेतलं. मला त्या टेबलापलीकडचं सगळं दिसत होतं, किती वर्षं मीच तिथं बसले होते. समोरचा जे सांगेल ते लिहायचं आणि कागद पुढे सरकवायचा.

खाली गाडीत बसल्यावर मी त्यांचा हात धरला. "तुम्ही 'नाही' म्हणत होता. खोटं का बोललात तिथं?"

"तू 'हो' दाबतेस हे मला कळत नव्हतं का, रोहिणी? मी 'नाही' म्हणायचो आणि तो मेला 'शाबास' म्हणायचा." ते खिडकीबाहेर बघत होते. "मीही गप्प बसलो. गुडघ्यांचा लोभ होता. आणि खरं सांगू? अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तू ताटावर मला टोकत नव्हतीस. कौतुकानं बघत होतीस. म्हटलं, चालू दे."

मी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीत, चारचौघांदेखत, गळा काढून रडले. ड्रायव्हर खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला.

टिकली काढून टाकली. आता त्यांना कुणी अडवणारं नव्हतं, आणि मी, शेवेच्या डब्याला कुलूप लावणारी बाई, वाटी घेऊन मागे मागे फिरत होते. "एक घास. माझ्यासाठी. बरं, अर्धा." मटणाचा रस्सा केला, बाजरीची भाकरी कुस्करली, लोण्याचा गोळा घातला. ते घास तोंडात धरून बसायचे, मी बघतेय म्हणून चावल्यासारखं करायचे, आणि मी पाणी आणायला वळले की रुमालात काढायचे. मला दिसायचं. मी पाणी आणायला जरा जास्त वेळ लावायचे. वजनकाटा मी पोत्यात घालून माळ्यावर टाकला. शेवटी शेवटी मी त्यांना एकटी उचलून पलंगावर बसवायचे. एकशे चोवीस किलोचा माणूस, ऋतुजाच्या लग्नात मला उचलायला गेला तर सगळे ओरडले होते, "सर, सांभाळून!"

खो-खोच्या मुली भेटायला आल्या होत्या, बारा-चौदा जणी. पलंगाभोवती गोळा झाल्या. सरांनी उशीला टेकून, बोटांनी चादरीवर दाखवलं, पंजा कुठे टेकायचा, टाच कधी उचलायची. मुली मन लावून बघत होत्या. एकीनं तिथंच फरशीवर बसून करून दाखवलं. "चूक," सर म्हणाले, "परत." तिनं चारदा केलं. मला तिथं उभं राहवेना.

फेब्रुवारीत सर गेले.

'हलकी पावलं'चं चौकशीचं पत्र तेराव्यानंतर आलं. भाषा नेटकी, माझ्या ओळखीची. निष्कर्ष: लाभार्थ्याने भुकेविषयी जाणीवपूर्वक चुकीची उत्तरे दिली. सोबत डॉक्टर काळसेकरांनी नोंदवलेलं सरांचं म्हणणं. ऋतुजानं ते माझ्या हातातून घेतलं आणि उभ्यानंच वाचलं.

"म्हणजे बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. "भूक लागत नाही हे माहीत असून खोटं सांगत राहिले? अकरा आठवडे?"

"ऋतुजा..."

"नाही आई, तू त्यांची बाजू घेऊ नकोस. गुडघ्यांसाठी? त्या खो-खोसाठी? आम्ही कुणीच नव्हतो का त्यांचे?" तिनं पत्राची घडी घातली. "मी त्यांच्यासाठी रडत होते इतके दिवस. वेडी मी."

 तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मी भ्याले. एकुलती एक लेक, नवरा गेलेला. ती उठून गेली तर मला या घरात आहे कोण? सर स्वतःहून आरोप डोक्यावर घेऊन गेले होते. मी तो तिथंच राहू दिला.

जाताना सरांचा फोटो तिच्या बॅगेत ठेवायला गेले, तर तिनं काढून परत टेबलावर ठेवला. "राहू दे इथंच. मला बघवत नाही."

त्यानंतर ती मला रोज फोन करायची. सकाळ-संध्याकाळ. जेवलीस का, गोळी घेतलीस का. इतकी माया तिनं मला कधीच लावली नव्हती. सगळी मला यायची, बापाच्या वाट्याचीसुद्धा. एप्रिलमध्ये मी बंगळुरूला गेले. भिंतीवर सगळ्यांचे फोटो होते, सासूबाईंचे, जावयाच्या आजोबांचे, मेलेल्या मांजराचासुद्धा. सरांचा नव्हता. नात पाच वर्षांची. तिनं जेवताना विचारलं, "आजोबा का मेले?"

ऋतुजा वाढता वाढता म्हणाली, "कारण ते खोटं बोलले. म्हणून आपण कधी खोटं बोलायचं नाही."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ज्या माणसानं जन्मात एकदाच खोटं सांगितलं, तेही माझ्यासाठी, त्याला त्याची नात खोटारडा म्हणून ओळखणार होती. मी ताट सारलं. नातीला टीव्ही लावून दिला, दार लोटलं, आणि ऋतुजासमोर बसून सगळं सांगितलं. पहिल्या शुक्रवारपासून. बिराजदारबाई, दोन गोल, न विचारता लिहिलेलं ते 'मुद्दाम', पेढे, दृष्ट. काही राखून ठेवलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही.

 सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "ते 'नाही' म्हणायचे? दर वेळी?"

"पहिले दोनदा म्हणाले. नंतर मी विचारलंच नाही."

ती उठली, माझी बॅग आणली आणि माझ्या साड्या घड्या घालून तीत भरायला लागली. रडत नव्हती, ओरडत नव्हती. जावयानं मला दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत बसवून दिलं.

महिन्याभरानं त्याचाच फोन आला. "आई, तिनं बाबांचा फोटो मोठा करून आणला. हॉलमध्ये लावलाय, हार घातलाय. काल त्याच्यासमोर बसून खूप रडली. मुलीला खो-खोच्या गोष्टी सांगत होती."

"बरं झालं," मी म्हटलं. "माझं काही विचारते का?"

"थोडा वेळ द्या तिला, आई."

देते म्हटलं. त्याला आता पाच महिने झाले.